काढून टाकण्याचा इतिहास

संगणकावर आज्ञावली बसवणे आणि काढून टाकणे या परस्परांच्या उलट क्रिया आहेत, असे आपण गृहीत धरतो. युनिक्स परंपरेत प्रारंभी तसे नव्हते. आज्ञावलीची मूळ संहिता आणायची, ती आपल्याच यंत्रावर कम्पाइल करायची आणि ‘मेक इन्स्टॉल’ अशी ओळ टंकायची. फायली ठिकठिकाणी विखुरल्या जात. कोणती कुठे गेली याची नोंद यंत्र स्वतः ठेवत नसे. परतीची वाट लेखकाने मुद्दाम लिहून ठेवली असेल, तरच असे.

ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली. (डेब्रा आणि इयन या दोन नावांचा हा समास.) डेबियनच्या ‘डीपीकेजी’ या साधनाने प्रत्येक पॅकेजमागे त्याच्या फायलींची यादी ठेवली. आता काढणे म्हणजे ती यादी वाचणे! त्यातही भेद आहे. ‘रिमूव्ह’ म्हटले की आज्ञावली जाते, पण तिची मांडणी ठरवणाऱ्या, बहुधा वापरणाऱ्याने हात फिरवलेल्या फायली मागे राहतात. त्याही नकोत, तर ‘पर्ज’ म्हणावे लागते. ग्रंथ परत जावा, पण समासातल्या आपल्या टिपा कोणीतरी जपाव्यात, तसा हा प्रकार. संहितेचा अभ्यास करणाऱ्याला हा विवेक आवडल्यावाचून राहत नाही.

मार्च १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर ‘एपीटी’ आले आणि एका पॅकेजला लागणारी इतर पॅकेजे आपोआप येऊ लागली. परंतु दोन पॅकेजे एकत्र नांदू शकत नसतील, तर एक बसवताना दुसरे जाते. व्यवस्थेच्या मुळावर येणारे काही काढायचे झाल्यास एपीटी यादी दाखवी आणि ‘येस, डू अ‍ॅज आय से!’ हे वाक्य उद्गारचिन्हासह टंकायला लावी. आज्ञार्थी वाक्य खरे, पण ते यंत्राने माणसाच्या तोंडी घातलेले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसारित झालेल्या एका चित्रफितीत लायनस सेबॅस्टियन या कॅनेडियन यूट्यूबकाराने पॉप ओएसवर खेळांसाठीचे ‘स्टीम’ बसवताना हेच वाक्य टंकले, आणि त्यांच्या यंत्रावरचा सारा डेस्कटॉप नाहीसा झाला. इशारा पडद्यावर होता; तो वाचला न वाचल्यासारखा झाला. मात्र सारा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. मुळात बिघाड पॅकेजांच्या जुळणीत होता, आणि ज्याला केवळ काही बसवायचे आहे, तो काढण्याची यादी कशाला वाचील?

त्यानंतरच्या आवृत्तीत एपीटी अशी पॅकेजे काढण्यास सरळ नकार देऊ लागले. ती काढायचीच असतील, तर तसा पर्याय मूळ आज्ञेतच लिहावा लागतो.