पेशीचे दार आणि जनुकांचे वाहक

परके आनुवंशिक द्रव्य पेशीत शिरू शकते, ही गोष्ट प्रथम जंतूंनी दाखवून दिली. १९२८ साली फ्रेडरिक ग्रिफिथ यांना आढळले की, उष्णतेने मारलेल्या घातक न्यूमोनियाजंतूंच्या सहवासात निरुपद्रवी जंतूही घातक बनतात. हा पालट घडविणारे द्रव्य डीएनए आहे, हे १९४४ मध्ये ॲव्हरी, मॅक्लाउड व मॅकार्टी यांनी सिद्ध केले.

प्राण्यांच्या पेशी मात्र इतक्या उदार नाहीत. डीएनएवर ऋण विद्युत्भार असतो आणि पेशीच्या पृष्ठभागावरही ऋणभारच अधिक. त्यामुळे दोघांत दुरावा राहतो. हा दुरावा मिटविणारा मध्यस्थ कोणता निवडावा, हाच पुढील इतिहासाचा प्रश्न होय.

१९६५ साली व्हाहेरी व पगानो यांनी डीईएई-डेक्स्ट्रान या धनभारित द्रव्याच्या साहाय्याने पोलिओच्या विषाणूचे आरएनए पेशींत पोहोचविले. मात्र हे द्रव्य पेशींना मानवतेच असे नाही. १९७३ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे ग्रॅहॅम व व्हॅन डर एब यांनी कॅल्शियम फॉस्फेटचा मार्ग दाखविला. त्याच्या सूक्ष्म कणांना डीएनए चिकटतो आणि पेशी ते कण गिळतात. साहित्य अल्पमोली, परंतु द्रावणाची आम्लता किंचित बदलली तरी कण बिघडतात आणि प्रयोग फसतो. याच पद्धतीने ग्रॅहॅम यांनी मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत विषाणूचा डीएनए घातला. त्यांच्या २९३ व्या प्रयोगातून निपजलेला पेशीवंश त्याच क्रमांकाने जगभर ओळखला जातो.

१९८७ साली अमेरिकेत फेल्गनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी धनभारित मेदकण पुढे आणले. पेशींच्या प्रकारानुसार हे कण जुन्या दोन्ही पद्धतींहून ५ पटींपासून १०० पटींहूनही अधिक सरस ठरले. १९९५ मध्ये फ्रान्समधील बेर यांच्या गटाने पॉलीइथिलीनिमाइन सुचविले. ते स्वस्त असल्याने मोठ्या प्रमाणावरील कामासाठी रूढ झाले.

तथापि सर्वत्र चालेल असा वाहक कोणताच ठरला नाही. ज्या धनभारामुळे जनुक आत जाते, तोच भार पेशीपटलाला इजा करतो. मात्रा कमी पडली तर जनुक बाहेरच राहते. अधिक झाली तर पेशीच मरते. विभागणाऱ्या पेशीत केंद्रकाचे आवरण काही काळ विरते, म्हणून तेथे यश सुलभ. न विभागणाऱ्या चेतापेशीत तेच दुर्घट. यास्तव वाहकाची निवड त्याच्या कीर्तीवरून न करता, पेशीची जात पाहून, अल्प मात्रेचे प्रयोग करून आणि किती पेशी जिवंत राहिल्या हे मोजूनच करावी लागते.

या कोड्याची एक सुंदर उकल पुढे झाली. रक्तात जवळजवळ भारहीन राहणारे आणि पेशीच्या आतील आम्ल कप्प्यात शिरल्यावरच धनभार धारण करणारे मेद रसायनज्ञांनी घडविले. २०१८ मध्ये अशा कणांतून आरएनए वाहून नेणारे पॅटिसिरान हे औषध अमेरिकेत मान्य झाले आणि २०२० च्या अखेरीस याच तत्त्वावरील करोनाप्रतिबंधक लसी माणसांना मिळू लागल्या. बळाने दार फोडणारा नव्हे, तर योग्य क्षणी रूप पालटणारा वाहकच प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत पोहोचला.