लिहिणारा हात आणि मंजूर करणारा हात

एकच कोड पन्नास जण मिळून लिहितात, तेव्हा पहिला वाद होतो तो कमिटच्या परवानगीवरून. बदल कोणीही सुचवावा, पण मुख्य प्रतीत तो कोणी घालावा? संगणकवाल्यांना हा प्रश्न नवा वाटतो. आपल्या भंडारा जिल्ह्यात तो जमिनीच्या कागदावर फार आधीपासून आहे.

मालगुजारीच्या काळात सारा भरायची जबाबदारी मालगुजाराची आणि गावचे कागद पटवाऱ्याकडे. तलावाचं पाणी कोणाला, गावाची वहिवाट काय, हे 'वाजिब-उल-अर्ज'मध्ये लिहिलेलं असायचं. म्हणजे लेखणी ज्याच्या हाती, त्याचं वजन किती असेल बघा! १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला. पुढे महाराष्ट्राची १९६६ ची जमीन महसूल संहिता लागू झाली.

या संहितेत लेखणीचे दोन भाग केलेले दिसतात. तलाठी, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत पटवारी, गाव नमुना ६ मध्ये फेरफार लिहितो. पण तो लगेच सातबाऱ्यावर चढत नाही. चावडीवर प्रत लागते, संबंधितांना नोटीस जाते. हरकत आली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या नोंदवहीत जाते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच सातबारा बदलतो. त्यावरही अपील आहेच.

आता सातबारा हातात घेऊन बघा. जुन्या नावाला कंस केलेला असतो, ते खोडून नाहीसं केलेलं नसतं. शेजारी फेरफार क्रमांक. तो धरून मागे गेलं की नाव कधी आणि कशाच्या आधारे बदललं, ते सापडतं. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी 'गिट' तयार केलं, त्यातही प्रत्येक कमिटला स्वतःची ओळख असते आणि मागचा इतिहास जपला जातो.

त्याच २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला. पण वारस नोंदीत तिचं नावच घातलं नाही तर? ते लक्षात यायची जागा म्हणजे ती नोटीस आणि ती दुसरी सही.

आता फेरफार ऑनलाइन झाले, सातबाऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी आली. तरी पासवर्ड दुसऱ्याच्या हाती दिला, की दोन सह्या एकाच हाताच्या होतात. माणूस कितीही विश्वासू असो, लिहिणारा आणि मंजूर करणारा वेगळा हवा. कोड असो की शेत, सामायिक कागद टिकतो तो यावरच.