ओल्या चामड्यावरचं पान

आजच्या गोष्टीची सुरुवात एका पोत्यापासून करू.

आमच्या बचत गटातल्या एका आजींच्या घरी माळ्यावर एक पोतं होतं. त्यात रापी, दोन आऱ्या, लाकडी फरमे आणि लोखंडी ऐरण. आजींच्या मालकांची हत्यारं ती. नातीला बघायला पाहुणे येणार होते, तेव्हा घरच्यांनीच ते पोतं वर सारलं, पुढं गवऱ्या रचल्या. लग्न होऊन सहा वर्षं झाली. पोतं तिथंच राहिलं. आजींनी एका बैठकीत हे हसत हसत सांगितलं. आम्ही मात्र हसलो नाही. आपल्या घरात सुई, जातं, विळा कोणी लपवत नाही. मग रापीच का लपवावी लागते? त्या प्रश्नाच्या मागं मागं जाता जाता आम्हाला जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी आपल्याच शिवारात जाऊ. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पण आपल्या विहिरी त्याहून कितीतरी जुन्या. मोटरपंप येण्याआधी या विहिरींचं पाणी मोटेनं निघायचं. आपल्या सासू-सासऱ्यांनी मोट पाहिलेली आहे. वर मोठं तोंड, खाली निमुळती सोंड, अशी ती चामड्याची पिशवी. बैल धावेवरून उतरणीला गेले की मोट वर यायची आणि सोंडेतून थारोळ्यात पाणी पडायचं. एका मोटेमागं किती हात होते बघा. कातडं कमवायचं ढोर-कक्कय्या समाजानं, शिवणकाम चर्मकारांचं, नाडा वळायचा मातंग समाजानं. मोट फाटली की अख्खं शिवार तहानलेलं. तरी ज्यांनी ती शिवली, त्यांना त्याच विहिरीवर घागर बुडवायची मुभा नव्हती. बलुत्याचं धान्य खळ्यावर मिळायचं, तेही लांबून.

पोळ्याचंही तसंच. श्रावणी अमावास्येला कुणाची जोडी जास्त सजली याची गावभर ईर्ष्या चालते. प्रेमाची ईर्ष्या, भांडणाची नव्हे. घुंगरांचा चामडी पट्टा, नवा कासरा, गोंडे, झूल. तोरणाखाली मालकाचं कौतुक होतं. पट्टा कुणी शिवला, हे विचारायची रीत मात्र नव्हती.

आणि या कामात बाई कुठं होती? सगळीकडं होती. बाभळीची साल कांडायची, हिरडा कुटायचा, कुंडीतलं पाणी बदलायचं, चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घालायची, गोंडा करायचा. बाजारात मात्र जोड पुरुषाच्या नावावर विकला जायचा. शेतातही आपलं असंच असतं, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

एक जुनी कथा इथं आठवते. बसवकल्याण हे बिदरकडचं गाव, आपल्यासारखंच पुढं निजामाच्या राज्यात असलेलं. बाराव्या शतकात तिथं महात्मा बसवेश्वरांभोवती सगळ्या जातींचे लोक जमले. त्यांत ढोर कक्कय्या होते आणि चर्मकार हरळय्याही. कथा अशी सांगतात, की हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा या दोघांनी आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून बसवण्णांना अर्पण केले. पुढं हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण घरातल्या मुलीशी झालं, त्यावरून राजा बिज्जळानं दोन्ही बापांना कठोर शिक्षा दिली, असं ती परंपरा सांगते. कथेतले जोडे दोघांनी मिळून केलेले आहेत, हे आम्हाला मोलाचं वाटतं. आपल्या नर्सीचे संत नामदेव शिंपी होते. सुईचं नाव अभिमानानं घेता आलं. आरीचं नाव घ्यायला मात्र माणसांना फार वाट पाहावी लागली.

काहींनी तर ते नाव टाकूनच दिलं, आणि त्यांचं बरोबर होतं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मेलेली जनावरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडायला सांगितलं. कारण ते काम कुणी आवडीनं घेतलेलं नव्हतं. जन्मानं गळ्यात बांधलेलं होतं. नाही म्हणायची सोय नसेल, तर कितीही सुबक काम असो, ती बेगारच. म्हणून आज चामड्याच्या कलेचं कौतुक करताना, ज्या घरांनी हे काम मुद्दाम सोडलं त्यांना 'परंपरा का सोडली' असं आपण विचारू नये.

दुसऱ्या बाजूनं काही माणसं मुद्दाम या कामाकडं आली. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत होते, तेव्हा त्यांचे मित्र कालेनबाख चपला करायला शिकून आले, आणि त्यांच्याकडून गांधीजी शिकले. तिथल्या सरकारातले मोठे अधिकारी जनरल स्मट्स यांनी गांधीजींना तुरुंगात टाकलं होतं. देश सोडताना, १९१४ साली, गांधीजींनी स्वतःच्या हातानं केलेला चपलांचा जोड त्याच स्मट्सना भेट दिला. १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाला स्मट्सनी तो जोड परत पाठवला. इतक्या मोठ्या माणसानं केलेल्या चपलांत पाय घालायची आपली लायकी नाही, असा त्यांचा भाव होता. आपल्या शेजारच्या विदर्भात, वर्ध्याजवळच्या नालवाडीला, १९३० च्या दशकात चर्मालय सुरू झालं. गोपाळराव वाळुंजकर यांच्यासारखे कार्यकर्ते तिथं कातडं कमवायला स्वतः बसले.

आता गंमत पाहा. आपल्याकडं लोक चामड्याला शिवायला तयार नव्हते, आणि जगात दुसरीकडं तेच काम हौस बनत होतं. बंगालमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांचे पुत्र रथींद्रनाथ आणि सून प्रतिमादेवी यांनी शांतिनिकेतनाजवळच्या श्रीनिकेतनात १९२० च्या दशकात चामड्यावर नक्षी उठवण्याचं काम रुजवलं. तिथल्या रंगीत नक्षीच्या पर्स आजही घरोघरी दिसतात. त्या कामाला पुढं भौगोलिक मानांकनही मिळालं.

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या फोर्ट वर्थ गावी १९१९ साली हिंकली आणि टँडी या दोघांनी जोडे दुरुस्तीचं सामान विकायचं दुकान काढलं. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिक दवाखान्यात महिनोन्‌महिने पडून असत. हात हलते राहावेत, मन रमावं म्हणून त्यांना चामड्याची पाकिटं, पट्टे करायला दिले जात. टँडींचा मुलगा चार्ल्स यानं ते पाहिलं, आणि युद्धानंतर चामडं, हत्यारं आणि नमुने यांचा हौशी लोकांसाठी मोठा धंदा उभा राहिला. अल स्टोलमन नावाचे कारागीर नक्षीचे नमुने कागदावर छापून देत. पत्नी अ‍ॅन यांच्यासोबत त्यांनी खोगीर कसं करावं यावर तीन खंड लिहिले. तिकडच्या शेरिडन गावात डॉन किंग नावाचे खोगीर करणारे होते. त्यांच्या वळणदार रानगुलाबाच्या नक्षीला आज गावाचंच नाव पडलंय. त्या गावात मे महिन्यात चामड्याच्या कारागिरांचा मेळा भरतो, तिथं नक्षीची स्पर्धाही असते.

हौशी लोकांच्या छोट्या पैजा आम्हाला जास्त आवडल्या. त्यांची पद्धत साधी. सगळ्यांनी एकच नमुना घ्यायचा, तुकडा एकाच मापाचा. ठरल्या दिवशी सगळे तुकडे शेजारी शेजारी मांडायचे. नमुना एकच, पण दोन तुकडे सारखे निघत नाहीत. हाताचा जोर वेगळा, डोळा वेगळा. मग चर्चा सुरू होते: तुझी कड इतकी उठली कशी? माझं पान चपटं का राहिलं? ज्याला येतं तो सांगतो, आणि गुपित एकाजवळ राहत नाही.

आम्ही म्हटलं, हे तर आपल्या रांगोळीसारखं झालं. मग आपणही करून पाहू.

प्रस्ताव मांडला तेव्हा बैठकीत चुळबुळ झाली. एक जण म्हणाली, "काय बाई, आता चामडं हातात घ्यायचं का?" दुसरीनं नाकाला पदर लावला. त्या तोंडात आमचंही तोंड होतं, हे कबूल करायला हवं. आजी गप्प बसल्या होत्या. थोड्या वेळानं एवढंच म्हणाल्या, "पर्स बगलंत मारून आलीस ना? ती कशाची हाय?" त्यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. पुढच्या बैठकीला पोतं माळ्यावरून खाली आलं.

आम्ही दहा जणी होतो. वाण्याच्या वहीएवढे तुकडे, नमुना हळदीच्या पानाचा, कारण ते पान आपल्या वसमत भागात प्रत्येकीला डोळे मिटून काढता येतं. आजींनी पहिलीच गोष्ट सांगितली ती चामड्याची. झाडाच्या सालीनं कमावलेलं चामडंच ठसा धरतं, बाजारातलं रसायनानं कमावलेलं मऊ चामडं धरत नाही. तुकडा ओला करायचा, पण पाणी निथळू द्यायचं. वरचा रंग पुन्हा मूळचा दिसू लागला, आणि गालाला लावल्यावर गार लागला, की तीच वेळ. फार ओलं असेल तर रेघ पसरते, वाळलं तर उठतच नाही. आधी पानाची रेघ सुरीनं कापायची, जाडीच्या निम्म्यापर्यंत, आरपार नाही. मग रेघेच्या बाहेरची बाजू दाबत जायची. पान वर उचललेलं नसतं, भोवतीचं खाली बसलेलं असतं. आमच्यातल्या एकीला हे कळायला तीन तुकडे लागले.

ठसे विकत आणले नाहीत. स्टीलच्या चमच्याची मूठ, पितळी खिळा, तुटक्या कुलुपाची किल्ली चालली. एकीनं लोखंडी खिळा वापरला आणि पानावर काळे डाग पडले. ती रडकुंडीला आली. आजी हसल्या. म्हणाल्या, "हिरडा आन् लोखंड एकत्र आलं की शाई व्हते, पोरी. पूर्वी लोक त्याच शाईनं लिहायचे." लिंबाची फोड फिरवली, डाग फिका झाला. तो तुकडाही आम्ही रांगेत मांडला.

बक्षीस नव्हतं. प्रत्येकीनं दुसरीच्या तुकड्यातली एक चांगली गोष्ट सांगायची, एवढाच नियम. ज्या बाईनं पहिल्या दिवशी पदर नाकाला लावला होता, तिच्या पानाच्या शिरा सगळ्यांत नेटक्या निघाल्या. ती वेणी-फणीत तरबेज आहे, हात हलका आहे. आजींनी तिचा तुकडा उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "हे हात आमच्या घरी असते तर मालकांनी तुला वेण्या घालायला बसवलं असतं." एवढ्यावर सगळं बदललं, असं आम्ही म्हणणार नाही. त्या दिवशी आजींच्या घरचा चहा दहापैकी सात जणींनी घेतला. तिघी घाई आहे म्हणून गेल्या. आम्ही जे झालं ते सांगतो आहोत.

पैशाची गोष्टही सांगायला हवी, कारण हौस पोटाला पुरत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी भागात घरोघरी कोल्हापुरी चपला होतात. तिथं १९९० च्या दशकाच्या शेवटी कारागीर बायांचे बचत गट बांधले गेले, त्यातून 'टोहोल्ड' या नावानं कारागिरांचा संघ उभा राहिला आणि त्यांच्या चपला परदेशात गेल्या. ज्या बाया घरात निम्मं काम करून बिनपैशाच्या होत्या, त्यांच्या नावानं बँकेत खाती निघाली. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठ जिल्ह्यांचं आहे. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीनं मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या, आणि नाव मात्र कुठंच घेतलं नाही. आपल्याकडून आवाज उठला, तेव्हा कंपनीला भारतीय कारागिरीचा उल्लेख करावा लागला. पट्टा कुणी शिवला, हे विचारायची रीत नव्हती, असं आपण पोळ्याबद्दल म्हणालो. मिलानमध्ये तेच झालं, आणि या वेळी विचारणारे निघाले.

आपला जिल्हा त्या आठांत नाही. त्यामुळं 'कोल्हापुरी' म्हणून आपल्याला काही विकता येणार नाही, आणि तसं करूही नये. पण किल्लीची अडकवणी, विळ्याचं म्यान, वहीचं वेष्टन यावर हळदीचं पान आपलंच आहे. ज्यांना या कामात कर्ज किंवा प्रशिक्षण हवंय, त्यांनी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाकडं चौकशी करावी. कुणासाठी कोणती योजना आहे, त्याचे निकष आधी विचारून घ्या.

जाता जाता एक काम तुमच्याकडं. तुमच्या गावात मोट, पखाल, हलगी, घुंगरपट्टा करणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्यांच्याकडं जा. हत्यारांची नावं लिहून घ्या आणि त्यांच्या घरातली बाई कोणतं काम करायची, तेही लिहा. त्यांना बोलायचं नसेल तर आग्रह करू नका, तो त्यांचा हक्क आहे. आजींचं पोतं आता माळ्यावर नाही. ऐरण दारात आहे, आणि नातजावई परवा आले तेव्हा त्यांनी तिच्यावर बदाम फोडले.