कोकण किनाऱ्याच्या कच्च्या वाटा : बंदर, घाट आणि सडा

रेवसपासून रेडीपर्यंतचा कोकण किनारा सायकलने पाहणाऱ्यांची संख्या अलीकडच्या काळात वाढली असून, त्यांतील काही जण सागरी मार्गाचे डांबर सोडून सड्यांवरच्या जांभ्याच्या वाटा, मुरुमाच्या गाडीवाटा आणि वाड्यांमागच्या पाणंदी धुंडाळू लागले आहेत. अशा कच्च्या रस्त्यांसाठी जी सायकल वापरली जाते तिला ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते, मात्र टायर साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंद आणि कमी हवेचे असल्यामुळे सुट्या खडीवरही चाकाची पकड टिकते. हा प्रकार अमेरिकेच्या मध्यभागातील खडीच्या रस्त्यांवर वाढला. कॅन्सस राज्यात २००६ साली त्याची लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली आणि २०२२ साली इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. कोकणापुरते पाहिले तर या खेळाचे महत्त्व वेगळ्याच गोष्टीत आहे. ज्या वाटांवरून तो खेळला जातो, त्या या प्रदेशाच्या दळणवळणाचा शिल्लक राहिलेला पुरावा आहेत, आणि तो पुरावा वाचण्यासाठी कोकणातील रस्त्यांचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो.

कोकण म्हणजे सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली अरुंद पट्टी. घाटमाथ्यावरून उतरणाऱ्या नद्या थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात आणि त्यांच्या मुखाशी भरतीचे पाणी दूरवर आत शिरून खाड्या तयार होतात. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग अशा एकामागून एक येणाऱ्या खाड्यांनी किनाऱ्याचे तुकडे पाडले आहेत. या रचनेमुळे किनाऱ्याला समांतर जमिनीवरून दूरचा प्रवास करणे पूर्वी गैरसोयीचे होते. उत्तर-दक्षिण जाणारा माणूस आणि माल प्रामुख्याने समुद्रमार्गे जात असे, तर जमिनीवरच्या मोठ्या वाटा पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे बंदराकडून घाटाकडे धावत. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन चौल बंदरात उतरला तो किनाऱ्याने पुढे न जाता थेट घाट चढून जुन्नरला पोहोचला, आणि परतताना त्याने दाभोळ बंदरातून जहाज गाठले. त्याच्या प्रवासात कोकणच्या वाहतुकीची ही जुनी दिशा स्पष्ट दिसते.

या व्यवस्थेचा कणा होती ती खाडीच्या माथ्यावरची गावे. भरतीबरोबर गलबते आणि पडाव जिथपर्यंत आत येऊ शकत, तिथे माल उतरे आणि बैलांच्या पाठीवर लादला जाई. सावित्रीकाठचे महाड, वाशिष्ठीवरचे चिपळूण व त्याचे गोवळकोट बंदर, शास्त्रीकाठचे संगमेश्वर, राजापूर आणि खारेपाटण ही अशीच नाक्याची ठिकाणे होत. मीठ, नारळ, सुपारी आणि सुकी मासळी येथून घाटावर जात असे, तर धान्य आणि गूळ खाली येत असे. चिपळूणची वाट कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे, तर राजापूरची अणस्कुरा घाटाने कोल्हापूरच्या बाजूला चढे. राजापूरची भरभराट एवढी होती की सतराव्या शतकाच्या मध्यात इंग्रजांनी तेथे वखार घातली. पुढे खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे शहराच्या धक्क्यापर्यंत येईनाशी झाली आणि बंदराचे वैभव ओसरले. आजचा मुंबई-गोवा महामार्ग नेमका याच गावांना ओवत जातो, कारण जिथे खाडी संपते आणि नदी अरुंद होते तिथेच पूल बांधणे सोपे पडते. अशा रीतीने जुन्या बंदरांचा माथा हाच नव्या रस्त्याचा मार्ग ठरला आणि प्रत्यक्ष किनारा बाजूला पडला.

ब्रिटिश अमलात रस्ते सुधारले, तरी ही दिशा बदलली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॉन मॅकॅडम या स्कॉटिश अभियंत्याने बारीक फोडलेल्या दगडाचे थर दाबून पक्का रस्ता करण्याची पद्धत रूढ केली आणि हिंदुस्थानातही खडीचे रस्ते होऊ लागले. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तो पनवेलच्या बंदराला पुण्याशी जोडणारा होता. दक्षिण कोकणात किनाऱ्यावरच्या गावांसाठी खरा ‘रस्ता’ म्हणजे आगबोट होती. मुंबईहून निघालेली बोट बंदराबाहेर नांगर टाकी, उतारू आणि सामान पडावातून काठावर आणले जाई, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूक थांबे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भर पावसाळ्यातील समुद्रप्रवास किती जोखमीचा होता, हे या दुर्घटनेने कायमचे कोरून ठेवले.

किनाऱ्याला समांतर असा सलग रस्ता ही कल्पना त्यामुळे अगदी अलीकडची आहे. बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी रेवस-रेडी सागरी मार्गाचा पुरस्कार केला, तरी खाड्यांवरचे पूल टप्प्याटप्प्याने होत राहिले आणि मधली उणीव तरीने भरून काढली. तर म्हणजे खाडी ओलांडून देणारी होडी. पूर्वी ती वल्ह्यांवर आणि शिडावर चाले. २००३ साली दाभोळ आणि धोपावे यांच्या दरम्यान वाहने वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली, ती या परंपरेचेच मोठे रूप होय. जो सायकलस्वार आज अशा धक्क्यावर भरती-ओहोटीकडे पाहत थांबतो, तो एका परीने या किनाऱ्याच्या मूळ वेळापत्रकानुसार चालत असतो.

खाडीपासून खाडीपर्यंतच्या तुकड्यांतील कच्च्या वाटांचे तीन प्रकार विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. पहिली पाखाडी, म्हणजे जांभ्याचे चिरे बसवून केलेली पायऱ्यांची वाट. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्यावर हवा लागून टणक होतो, त्यामुळे गावकऱ्यांना तो साध्या हत्यारांनी घडवता येई. पायरी रुंद व उतरती ठेवलेली असते, दोन्ही बाजूंना गडगा, म्हणजे चुन्याशिवाय रचलेली दगडी भिंत असते आणि कडेने पावसाचे पाणी वाहून जाण्यास वाट दिलेली असते. डोक्यावर ओझे घेतलेल्या माणसाच्या पावलाचे माप घेऊन ती बांधलेली असल्याने तेथे चाकाचे काम नाही. दुसरा प्रकार गाडीवाटेचा. बैलगाडीच्या चाकांनी मऊ जांभ्यात पाडलेल्या चाकोऱ्या तिथे क्वचित आजही दिसतात. तिसरी सड्यावरची वाट. सडा म्हणजे जांभ्याचे उघडे, जवळजवळ सपाट पठार. पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुले येतात, एरवी तो लालसर काळा कातळ असतो. पावसात शेवाळामुळे त्यावर चाक ठरत नाही, म्हणून सायकलीचा हंगाम साधारणपणे दसऱ्यानंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. कोकणातील गलबतांचा हंगामही उघडिपीच्या महिन्यांतच असे.

याच सड्यांवर रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांत उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा ठिकाणी कातळशिल्पे, म्हणजे खडकाच्या पृष्ठावर कोरलेली प्राचीन चित्रे, आढळली आहेत. कशेळीच्या सड्यावरील हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब असून तिच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. या शिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत झाला. खाली समुद्राच्या बाजूला उतरले की पूर्णगड, विजयदुर्ग असे किल्ले आणि गिर्ये येथील मराठा आरमाराची गोदी लागते. प्रागैतिहासिक माणूस, बंदराचा व्यापारी, आरमाराचा खलाशी आणि डोईवर भारा घेतलेली गावकरीण यांच्या वाटा इतक्या थोड्या अंतरात एकत्र येणारे प्रदेश विरळा.

हा वारसा आता अनेक बाजूंनी झिजतो आहे. पाखाड्यांवर काँक्रीट ओतले जाते, सड्यांवर चिऱ्याच्या खाणी आणि बागांची कुंपणे वाढत आहेत, आणि रुंद रस्त्याखाली जुन्या चाकोऱ्या गाडल्या जात आहेत. रस्ते व्हायलाच हवेत, कारण आजारी माणसाला दवाखान्यात पोहोचण्यासाठी आगबोटीची किंवा ओहोटीची वाट पाहायला लावणारा काळ परत यावा असे कोणीही म्हणणार नाही. मात्र नवा रस्ता करताना जुनी वाट पुसलीच पाहिजे असे नाही. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील पाखाड्या, पाणंदी आणि तरीचे धक्के नकाशावर नोंदवून ठेवावेत. आणि या वाटांचा आनंद घेणाऱ्या सायकलस्वारांनी पाखाडीवर सायकल हाती धरून चालावे, गडग्याचा दगड हलवू नये आणि कातळशिल्पांवर चाक कधीही घालू नये.