तळटीप : अँतोनियो विवाल्दी

विवाल्दी : अँतोनियो विवाल्दी (१६७८–१७४१), बरोक काळातला व्हेनिसचा व्हायोलिनवादक व रचनाकार. दीक्षित धर्मगुरू, केसांच्या रंगामुळे लोक त्याला ‘तांबडा पाद्री’ म्हणत. १७०३पासून ‘पिएता’ या अनाथाश्रमात तो मुलींना व्हायोलिन शिकवू लागला, आणि त्याच्या कितीतरी रचना या मुलींसाठीच झाल्या. जाळीआड बसून वाजवणाऱ्या त्या वादक मुलींचा उल्लेख त्याच्या नावासोबत व्हायलाच हवा. १७११मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेला त्याचा बारा कॉन्चेर्तोंचा संग्रह बाखने अभ्यासला. त्यातला चार व्हायोलिनांचा कॉन्चेर्तो त्याने चार हार्प्सिकॉर्डसाठी नव्याने बांधला.

विवाल्दी व्हिएन्नात दारिद्र्यात वारला आणि जवळजवळ दोन शतके विस्मृतीत गेला. आज सर्वत्र वाजणारे ‘चार ऋतू’ (१७२५)सुद्धा मैफलींतून नाहीसे झाले होते. १९२६मध्ये उत्तर इटलीतल्या एका धार्मिक शाळेने जुनी बाडे विकायला काढली, तेव्हा त्यांत त्याची हस्तलिखिते निघाली. तोरिनोच्या ग्रंथालयाजवळ पैसे नव्हते. रोबेर्तो फोआ यांनी ती विकत घेऊन ग्रंथालयाला दिली. संग्रहाचा उरलेला अर्धा भाग १९३०मध्ये फिलिप्पो जॉर्दानो यांनी दिला. दोघांचेही लहानगे मुलगे दगावले होते. आजही ते दोन संग्रह त्या मुलांच्याच नावांनी, मावरो आणि रेन्झो, ओळखले जातात. मूळ मजकुरात लेखकाने हा शोध ‘योगायोग’ म्हटला आहे. हा शब्द मला अपुरा वाटतो. – संपादक