सात आडव्या रेषा

अकाली जन्मलेल्या अर्भकाची फुप्फुसे अपक्व असतात, आणि बहुधा त्यामुळेच ते दगावते. अकाल प्रसूतीचा संभव असलेल्या मातेस कॉर्टिकोस्टेरॉइडाची सुई दिल्यास हा धोका घटतो, असे न्यूझीलंडमधील लिगिन्स व हाउई यांनी १९७२ साली प्रसिद्ध केले. पुढील दोन दशकांत इतरत्रही तशा चाचण्या झाल्या. परंतु त्यांपैकी बहुतेक लहान होत्या, व त्यांचे वृत्तान्त निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेले राहिले. फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय नाही, एवढेच एकेकटी लहान चाचणी सांगू शके. आता ‘उपयोग सिद्ध झाला नाही’ आणि ‘उपयोग नाही असे सिद्ध झाले’ ही दोन सर्वस्वी भिन्न विधाने होत. नकाराची जागा हलली की अर्थ पालटतो. गद्य वाचताना मात्र हा भेद सहज निसटतो, आणि येथे त्याचे मोल अर्भकांच्या प्राणांनी मोजावे लागले.

१९७८ साली फ्रायमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्फळ गणलेल्या ७१ चाचण्यांचे फेरपरीक्षण केले. त्यात त्यांनी चाचण्यांचे निकाल आडव्या रेषांनी दर्शविले. रेषेवरील खूण म्हणजे आढळलेला परिणाम. रेषेची लांबी म्हणजे त्या परिणामाविषयीची अनिश्चितता. उभी रेषा ‘काहीच फरक नाही’ असे सांगते. पुढे याच आकृतीत सर्व चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष दाखविणारा चौकट-आकार तळाशी आला. तिला ‘फॉरेस्ट प्लॉट’ म्हणतात. हे नाव कोणा फॉरेस्ट नामक संशोधकाचे असावे, असा समज आढळतो. वास्तविक ते रेषांच्या दाटीवरून, म्हणजे अरण्यावरून पडले आहे.

१९९३ साली स्थापन झालेल्या कॉक्रेन संस्थेने कॉर्टिकोस्टेरॉइडाच्या सात चाचण्यांची हीच आकृती बोधचिन्ह म्हणून स्वीकारली. तीतील बहुतेक रेषा उभ्या रेषेला छेदतात. तळाचा चौकट-आकार मात्र तिच्यापासून स्पष्टपणे अलग, औषधाच्या बाजूस आहे. पुरावा नवा नव्हता, तो एका दृष्टिक्षेपात आला एवढेच. अर्थात त्यामागे संकलनाचे व गणिताचे कष्ट होते. नुसत्या रेखाटनास येथे श्रेय देणे अतिशयोक्तीचे होईल.

शिवाय जी चाचणी छापलीच गेली नाही, ती या अरण्यात उगवत नाही. लाइट व पिलेमर यांनी १९८४ साली सुचविलेली नरसाळ्याची आकृती या उणिवेकडे बोट दाखविते. मोठ्या चाचण्यांचे ठिपके वर एकवटतात, लहानांचे खाली दोहों बाजूंस पसरतात. तळाचा एक कोपरा रिकामा दिसला, तर प्रतिकूल निकाल कोठे तरी दडून राहिले असावेत असा संशय घ्यावा लागतो. पण त्या रिकामेपणाची अन्य कारणेही संभवतात, म्हणून तो पुरावा नव्हे.