कवितेच्या साक्षीने वृक्षारोपण

पावसाळा सुरू झाला की गावोगावी वृक्षारोपणाचे कार्यक्रम संपन्न होतात. मात्र रोप लावणाऱ्या बालमनात त्या रोपाविषयी जिव्हाळा कसा निर्माण करावा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना शांतिनिकेतनच्या इतिहासाकडे वळावे लागते.

बंगालमधील बोलपूरनजीकचा तो प्रदेश म्हणजे तांबड्या मातीचे, पावसाने धुपलेले उजाड माळरान. तेथील सातवीण वृक्षांच्या छायेत महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांना शांती लाभली आणि १८६३ मध्ये त्यांनी ती वीस बिघे जमीन घेतली. त्यांचे सुपुत्र रवींद्रनाथ यांनी १९०१ मध्ये अवघ्या काही विद्यार्थ्यांसह तेथे विद्यालय आरंभिले. वर्ग झाडांखाली भरत. ऋतू आणि गीते हीच जणू पाठ्यपुस्तके होती.

या शिक्षणाचा परमोच्च क्षण म्हणजे १४ जुलै १९२८ रोजी झालेला पहिला वृक्षारोपणोत्सव होय. सजविलेल्या पालखीतून रोप आणले गेले. शंखध्वनी झाला, मुलींनी गीते गायिली. पृथ्वी, जल, तेज, वायू आणि आकाश ही पंचमहाभूते विद्यार्थ्यांनीच साकारली. प्रत्येक महाभूताने बालतरूचे रक्षण करावे, अशी प्रार्थना करणारी पद्ये रवींद्रनाथांनी त्यासाठी रचली. ती पुढे १९३१ च्या ‘वनवाणी’ या काव्यसंग्रहात समाविष्ट झाली. मुले कविता केवळ पाठ करीत नव्हती. ज्या रोपासाठी ती रचली होती, त्याच्यासमोर उभे राहून ती अनुभवीत होती.

त्याच प्रसंगी रवींद्रनाथांनी ‘बलाई’ ही आपली कथा वाचून दाखविली. बलाई हा मातृहीन बालक. बागेच्या वाटेवर आपोआप उगवलेल्या सावरीच्या रोपावर त्याचा जीव जडतो. काकांना मात्र ते झाड अडचणीचे वाटते. पुढे बलाई सिमल्याला जातो आणि एके दिवशी काकीला पत्र लिहून त्या मित्राचे छायाचित्र मागवितो. तोवर काकांनी झाड तोडलेले असते. काकी दोन दिवस अन्नाला शिवत नाही. काका दुष्ट नव्हते. त्यांना केवळ झाड दिसले, बलाईला सोबती दिसला. उत्सवाच्या दिवशी हीच कथा मुलांना ऐकविण्यामागील दूरदृष्टी विचार करण्याजोगी आहे.

१९५० मध्ये तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. मुंबईत वकिली करणारे मुनशी स्वतः गुजरातीचे श्रेष्ठ साहित्यिक होते. राष्ट्रीय पातळीवर वृक्षारोपणाची प्रथा रुजविणाऱ्याचे हातही लेखणी धरणारे असावेत, हा योगायोग अर्थपूर्ण म्हटला पाहिजे.

१९४१ मध्ये कवी निवर्तले. त्यांच्या स्मृतिदिनी, बावीस श्रावणाला, शांतिनिकेतनात शोकसभेऐवजी रोप लावण्याची परंपरा जपली गेली. २०२३ मध्ये युनेस्कोने या स्थळास जागतिक वारशाचा दर्जा दिला.

खड्डा, माती आणि पाणी यांची तरतूद कोणतीही संस्था करू शकते. परंतु कार्यक्रम आटोपल्यावर वैशाखातील उन्हात त्या रोपाला पाणी घालण्यासाठी एखादे मूल आपणहून परत येणार असेल, तर त्याच्या अंतःकरणात आधी एखादी कविता रुजलेली असावी लागते.